घड्याळ बर्लिनचं, झोप पिंपळगावची

वाचकांचे प्रश्न : परदेशी दौरा आणि झोप

कामानिमित्त परदेशी जाणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतल्या वेळा साधारण साडेदहाला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या माणसाच्या आहेत. तुम्ही पाचला उठत असाल, तर सगळ्या वेळा दीड तास अलीकडे घ्या.

द्राक्षाची निर्यात करतो. दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनासाठी चार-पाच दिवस जाणं होतं. रात्री आठला जेवणाच्या टेबलावरच पेंग येते आणि दोन-अडीचला टक्क जाग येते. मग उजाडेपर्यंत मोबाइल बघत पडतो. तिसऱ्या दिवशी स्टॉलवर उभं राहवत नाही. काय चुकतंय? (पिंपळगाव बसवंत)

दोनला जाग येण्यात तुमचं काहीच चुकत नाही. फेब्रुवारीत बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथले रात्रीचे दोन म्हणजे पिंपळगावातले सकाळचे साडेसहा, म्हणजे शरीर रोजच्याच वेळेला उठलं. चुकतं ते त्यानंतर, मोबाइल हातात घेतल्यावर.

कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढची बरीचशी उत्तरं यावरच उभी आहेत. झोप-जागेचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते रोज लावावं लागतं, कारण बहुतेकांचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं जास्तच घेतं. ते लावण्याचं मुख्य काम डोळ्यांत जाणारा उजेड करतो. रात्री शरीराचं तापमान उतरत जातं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-अडीच तास ते सर्वांत खाली असतं. साडेसहाला उठणाऱ्याचा हा तळ पहाटे चारच्या सुमाराला येतो. तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर उजेड पडला, तर घड्याळ पुढच्या दिवशी उशिरा धावतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही उशिरा येतात. तळानंतरच्या काही तासांत पडला, तर दोन्ही लवकर येतात. उजेड तोच असतो, परिणाम मात्र उलटा होतो. तळाच्या जितक्या जवळ, तितका त्याचा जोर जास्त.

आता हा हिशेब बर्लिनला लावा. नाशिकचे पहाटेचे चार म्हणजे तिथले रात्रीचे साडेअकरा. तुम्हाला तिथे झोप उशिरा यायला हवी आहे, म्हणून उजेड हवा तो साडेअकराच्या आधी. तुम्ही घेता तो अडीचला, तळ उलटून गेल्यावर. पांढऱ्या दिव्याचं बाथरूम आणि नाकासमोर धरलेला मोबाइल मिळून घड्याळाला दर रात्री नाशिककडे ओढत राहतात. म्हणून तिसऱ्या दिवशीही फरक पडत नाही.

फेब्रुवारीत बर्लिनला पाचच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा उजेड मुद्दाम मिळवावा लागतो. प्रदर्शन संपल्यावर खोलीत जाऊन मंद दिव्यात पडू नका. साडेनऊपर्यंत भरपूर दिव्यांच्या जागी राहा आणि खोलीत गेल्यावर सगळे दिवे लावा. पहिल्या दिवशी साडेनऊच्या आत पाठ टेकायची नाही, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत नाही. रात्री जाग आलीच तर दिवा लावू नका. बाथरूमला जाताना मोबाइलची बॅटरी जमिनीकडे धरा. परत आल्यावर डोळे मिटून पडून राहा. हवं तर काहीतरी ऐका, पण पडद्याकडे बघू नका. अडीचला भूकही लागते, कारण पोटाचीही नाश्त्याची वेळ झालेली असते. उशाशी एक केळं ठेवा आणि अंधारातच खा. उपाशी पोटी तळमळण्यापेक्षा ते बरं.

निघण्याआधी तीन दिवस झोपणं आणि उठणं रोज पाऊण तास उशिरा करता आलं, तर निम्मं काम घरीच होतं. हंगामात बागेवर पहाटे माल तोडायला माणसं येतात, तेव्हा हे सगळ्यांना जमणार नाही. एक दिवस जमलं तरी तेवढा फायदा मिळतोच.

पण चार दिवसांच्या दौऱ्यात शरीर पूर्ण बर्लिनचं करायच्या मागे लागू नका. पश्चिमेकडे जाताना घड्याळ दिवसाला एक ते दीड तास सरकतं. ते जेमतेम जुळेपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं. त्यापेक्षा कामाच्या वेळा हुशारीनं लावा. बर्लिनचे सकाळचे नऊ ते दुपारचे दोन म्हणजे आपले दीड ते साडेसहा. दराची बोलणी या वेळेत ठेवा. खरेदीदारानं रात्री आठला जेवायला बोलावलं, तर तेव्हा तुमच्या शरीराचे साडेबारा वाजलेले असतात. त्याला दुपारच्या जेवणाचा पर्याय द्या, बहुतेक जण आनंदानं मान्य करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास पुढे जातात. त्यानंतर फरक साडेतीन तासांचा राहतो आणि त्रासही तेवढाच कमी होतो.

विमान मुंबईहून रात्री दोन-अडीचचं असतं. नाशिकहून कधी निघावं आणि झोप कुठे घ्यावी? परतताना विमान पहाटे उतरतं, तेव्हा पार्किंगमधली गाडी काढून मी स्वतःच चालवत घरी येतो. (सातपूर)

परतीचं आधी. कृपा करून हे थांबवा. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे जवळपास रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. विमानात बसल्या बसल्या दोन-तीन तास तुकड्यातुकड्यांनी डोळा लागला असेल, तर तुम्ही त्याच्याही पलीकडे गेलेले असता. त्यात पहाटे दोन ते सहा हा झोपेचा सर्वांत दाट काळ. सामान घेऊन तीनला निघालात, तर नेमके त्याच वेळी तुम्ही शहापूर-कसाऱ्याच्या पट्ट्यात असता.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून अनेकांना वाटतं की घाट टळला, आता काळजी नाही. झोपेच्या दृष्टीनं हे उलटं आहे. घाटातली वळणं माणसाला जागं ठेवतात. सरळ, रुंद, एकसुरी रस्ता आणि लांबलचक बोगदा डोळे मिटायला लावतो. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी ११० मीटर बिनचालकाची जाते. मागचा फलक कोणता गेला ते आठवत नसेल किंवा गाडी पट्टीवर चढून पुन्हा आत येत असेल, तर अशा डुलक्या आधीच सुरू झालेल्या आहेत. काच खाली करणं, मोठ्यानं गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा उपयोग काही मिनिटंच टिकतो. चालवणं अगदी अटळच असेल, तर सुरक्षित जागी गाडी लावा, एक कडक कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी चढायला तेवढा वेळ लागतोच, म्हणजे डुलकी आणि कॉफी दोन्ही एकदम कामाला येतात. यातून तासभराची सोय होते, रात्र भरून निघत नाही. विमानतळाजवळ खोली घेऊन सहा तास झोपणं किंवा ड्रायव्हर बोलावणं हाच खरा उपाय. ड्रायव्हर बोलावलात तर त्याला संध्याकाळीच झोपून घ्यायला सांगा. तो दिवसभर भाडी मारून रात्री तुमची वाट बघत जागा राहिला असेल, तर धोका फक्त दुसऱ्या सीटवर सरकतो.

आता जातानाचं. निघण्याच्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या मध्ये गजर लावून दीड तास झोपा. घरी साधं जेवून सात-साडेसातला निघा, म्हणजे वाहतूक तुंबली तरी अकराच्या आत पोहोचता. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं. विमानात जेवणाची ट्रॉली पहाटे साडेतीनला येते, ती सोडून द्या. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे तो बघायला कोणी उठवणार नाही. जेवणासाठी उठवू नका, असंही सांगून ठेवा. युरोपला जाताना उड्डाणाचे पहिले पाच-सहा तास ही तुमची हक्काची रात्र आहे, ती सिनेमात घालवू नका. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ आणि फार कोरडी असते. त्यात दारू घेतली तर झोप पटकन लागते, पण दोन-तीन तासांत मोडते आणि तोंडाला कोरड पडते.

कंपनी जूनमध्ये दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी नागोयाला पाठवते आहे. मागच्या वेळी पहिला आठवडा रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि सातला बस यायची. (अंबड)

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. नाशिकची झोपेची वेळ तिथे रात्री दोनला येते, म्हणून तसं झालं. पूर्वेकडचा प्रवास जड जातो, कारण घड्याळाला लवकर धावायला लावावं लागतं आणि त्याचा मूळ कल उशिराकडे असतो. दिवसाला साधारण तासभरच ते सरकतं.

इथे एक छुपी अडचण आहे. तुमचा पहाटे चारचा तळ नागोयात सकाळी साडेसातला येतो, आणि जूनमध्ये तिथे पाचच्या आधीच उजाडतं. पडदे उघडे राहिले, तर पाच ते साडेसात हा सगळा उजेड तळाच्या आधी पडतो आणि झोप आणखी उशिरा ढकलतो. लवकर उठून उन्हात फिरा, हा सल्ला पहिल्या दोन दिवसांत म्हणूनच अंगाशी येतो. त्या दोन दिवशी पडदे गच्च लावून झोपा आणि बसमध्ये गॉगल घाला. आठनंतर मात्र खिडकीशी बसा आणि चहाच्या सुट्टीत बाहेर या. तिसऱ्या दिवसापासून तळ साडेपाचच्या आसपास येतो, मग उठल्या उठल्या ऊन घ्या. रात्री साडेआठनंतर दिवे मंद ठेवा.

घरी तयारी करायची असेल, तर निघण्याआधीचे तीन दिवस पावणेसहा, पाच, सव्वाचार असं उठा, उठताच घरातले सगळे दिवे लावा आणि झोपही तेवढीच अलीकडे घ्या. मग तळ नागोयातल्या सव्वापाचला येतो आणि पहिल्याच सकाळचं ऊन तुमच्या बाजूनं काम करतं. विमान रात्रीचं असेल, तर त्या रात्रीचं जागरण यातलं थोडं बिघडवेल, पण सगळं नाही.

डेट्रॉइटला तीन आठवडे राहून परत आले. सगळे म्हणतात सकाळी ऊन घे. सहाला उठून गोदापार्कला चालायला जाते, तरी आठवडा झाला, रात्री तीनपर्यंत जागी आणि दुपारी पाच-पाच तास मेल्यासारखी झोप. (गंगापूर रोड)

सल्ला चांगला आहे, पण तुमच्यासाठी तो एका आठवड्यानं लवकर आला. तीन आठवड्यांत तुमचं शरीर डेट्रॉइटचं झालं. तिथल्या पहाटे साडेचारचा तळ उन्हाळ्यात, म्हणजे साडेनऊ तासांचा फरक असताना, नाशिकच्या दुपारी दोनला येतो. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, म्हणून तीनला. सकाळी सहाला घेतलेलं ऊन त्याच्या कितीतरी आधी पडतं. त्याचा परिणाम झालाच, तर झोप उशिरा ढकलण्याकडे होतो. दुपारच्या झोपेत संध्याकाळचा उजेड बुडतो, म्हणजे जो हवा होता तोच. दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली की घड्याळ जागच्या जागी राहतं.

पुढच्या वेळी असं करा. परतल्यावर पहिल्या दिवशी दोनपर्यंत पडदे ओढून घरात राहा, बाहेर जावंच लागलं तर गडद गॉगल घाला. साडेबारा ते दोन झोपा, पण गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दोनला उठवणार नाही, उलट मुद्दाम झोपून राहावंसं वाटेल, कारण ती तुमच्या शरीराची ऐन मध्यरात्र आहे. तरी उठा, तोंड धुवा आणि अडीच ते सहा उजेडात काढा. दुसऱ्या दिवशी ही सीमा एक वाजता, तिसऱ्या दिवशी बाराला, अशी रोज तासभर अलीकडे आणा. सातव्या दिवशी ती आठवर येते. मग खुशाल सकाळी गोदापार्कला जा.

उजेड म्हणजे मे महिन्याच्या दुपारी डोक्यावर ऊन घेणं नव्हे. झाडाखालच्या सावलीतही उजेड हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, आणि दिवा लावलेल्या दिवाणखान्यात शंभर-दोनशे. गच्चीवरच्या शेडखाली किंवा बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसलात तरी चालतं. काचेआडून, खोलीच्या आतल्या बाजूला बसलात तर मात्र फार थोडा पोहोचतो.

मुक्काम तीन आठवड्यांऐवजी पाचच दिवसांचा असेल, तर घड्याळ तिकडे पूर्ण पोहोचलेलंच नसतं. दिवसाला दीड तास धरा. पाच दिवसांत ते साडेसात तास सरकलं, तर तळ नाशिकच्या पहाटे चारवरून सकाळी साडेअकराला आलेला असेल. सुरुवात तिथून करा.

सॅन फ्रान्सिस्कोहून किंवा सिएटलहून येणाऱ्यांसाठी मात्र हा क्रम उलटा आहे. तिथून परतल्यावर तळ संध्याकाळी पाच-सहाला येतो. त्यानंतर उजेड फारसा उरत नाही. त्यांनी घड्याळ उशिराच्या दिशेनं फिरू द्यावं. सकाळपासून चारपर्यंत भरपूर उजेड घ्यावा आणि संध्याकाळी गॉगल लावावा. हिशेब लांबचा वाटतो, पण उशिराकडे घड्याळ वेगानं सरकत असल्यामुळे वेळ जवळपास तेवढाच लागतो.

केमिस्टनं जेट लॅगसाठी १० मिलिग्रॅमची मेलाटोनिनची गोळी दिली. घ्यावी का? एक सहकारी विमानात झोपेसाठी अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी घेतो, ते कसं? (इंदिरानगर)

१० मिलिग्रॅम फार होतात. मेलाटोनिन शरीर स्वतःच झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून सोडायला लागतं. बाहेरून द्यायचं ते रात्र झाल्याची वर्दी देण्यापुरतं. त्यासाठी अर्धा ते तीन मिलिग्रॅम पुरतात. डोस वाढवला तर गुंगी वाढते, घड्याळ त्या प्रमाणात जास्त सरकत नाही. वेळ चुकली तर उलटा परिणाम होतो. म्हणून विमानात बसलो की गोळी, असं करू नका. पूर्वेकडे गेल्यावर, किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून नाशिकला परतल्यावर, इथल्या रात्री साडेनऊ-दहाला चार-पाच दिवस घ्या. बर्लिन-लंडनला जाताना संध्याकाळी घेऊ नका, कारण तिथे पेंग आधीच लवकर येते. हळूहळू विरघळणारी गोळी जेट लॅगसाठी नको, साधी घ्या. पहिला डोस घरी, सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन बघा आणि घेतल्यावर गाडी चालवू नका. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गरोदरपण किंवा नैराश्यावरची फ्लूव्होक्सामिनची गोळी यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. इंग्लंडमध्ये मेलाटोनिन चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तिथे जाऊन घेऊ म्हणाल तर पंचाईत होईल.

अल्प्राझोलामचं स्पष्ट सांगतो. विमानात ते घेतलं की माणूस आठ तास मान न हलवता पडतो, आणि पोटऱ्यांच्या शिरांत गुठळी होण्यासाठी तेवढं पुरतं. सोबत दारू असेल तर श्वास मंदावतो आणि उतरल्यानंतरचे दोन-तीन तास आठवतही नाहीत. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहे, चिठ्ठीशिवाय देताच येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषधांत मोडतं आणि सोबत नेण्यासाठी आधी परवानगी लागते. सहकाऱ्याचं विमान दुबईमार्गे असेल, तर त्याला हे आजच सांगा.

माझे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. रात्री नऊला ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन घेतात आणि जेवणाआधी दुसरं. जानेवारीत पाच दिवस लंडनला जाणार आहेत. वेळा कशा सांभाळायच्या? (नाशिकरोड)

पाच दिवसांसाठी ग्लार्जिनची वेळ बदलायची गरज सहसा पडत नाही. जानेवारीत लंडन साडेपाच तास मागे, म्हणून आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन. फोनवर रोजचा गजर लावून द्या. बैठकीत असले तरी पाच मिनिटं बाहेर येऊन घ्यायचं. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाबरोबरच जातं, घड्याळ कोणतंही असो. विमानात ताट समोर आल्याशिवाय ते घेऊ नये. हवा खराब झाली तर ट्रॉली अर्धा तास अडकते आणि तोवर साखर उतरते. मुक्काम लांबणार असेल, तर वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवायचं. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट जातं. लागेल त्याच्या दुप्पट घ्या, दोन बॅगांत विभागा, आणि औषधाचं मूळ नाव असलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. पेनची सुई प्रत्येक वेळी काढून टाका. ती तशीच राहिली, तर हवेच्या दाबातल्या बदलानं आत बुडबुडे येतात आणि डोस कमी जातो. घाम, थरथर, गोंधळ हे जेट लॅगमुळे असेल असं समजून झोपू देऊ नका. आधी साखर तपासायची.

वेळेचा फरक नसलेल्या ठिकाणीही, अगदी चेन्नई-कोलकात्यातही, हॉटेलात पहिली रात्र वाया जाते. (कॉलेज रोड)

हा नुसता मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आवाजाला पटकन जागा होतो. दुसऱ्या रात्रीपासून हे ओसरतं. म्हणून महत्त्वाची बैठक पहिल्याच सकाळी असेल, तर शक्य तिथे एक रात्र आधी पोहोचा. दर वेळी त्याच हॉटेलात उतरणंही चांगलं.

खोली लिफ्टपासून आणि बर्फाच्या मशिनपासून लांबची मागा. आत गेल्यावर पाच मिनिटं खर्च करा. पडद्यांच्या मधली फट पँटच्या हँगरच्या चिमट्यांनी बंद करा, टीव्ही-चार्जरच्या दिव्यांवर काळी टेप लावा, आधीच्या पाहुण्यानं लावलेला गजर बंद आहे ना ते बघा. आपल्या उशीचा अभ्रा घरून न्या, ओळखीच्या वासाचा उपयोग होतो. एसी २० ते २२ वर ठेवा. युरोपात एसी नसेल आणि खिडकीखाली रेडिएटर असेल, तर त्याच्या खुंटीवरचे १ ते ५ आकडे अंश नसतात. ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि झोपताना २ वर आणलं तर बरं. आपल्याकडचे लोक ५ वर ठेवून झोपतात आणि घसा कोरडा पडून एकला उठतात.

कानातले फोमचे बोळे बहुतेकांकडून चुकीचे बसतात, म्हणून "काही उपयोग नाही" म्हणत ते टाकून देतात. स्वच्छ हातांनी बोळा बोटांत गोल फिरवत काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सारा आणि बोटानं तीस सेकंद धरून ठेवा. तो फुगत गेला की आवाज एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. बोळा समोरून पूर्ण दिसत असेल, तर तो नीट आत गेलेला नाही. काढून पुन्हा बसवा.

घड्याळ दाखवतं की गाढ झोप फक्त ३८ मिनिटं झाली. काळजी करू का? (पाथर्डी फाटा)

नको. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. एकूण किती वेळ झोपलात ते बऱ्यापैकी सांगतं, गाढ झोपेचा आकडा मात्र भरवशाचा नसतो. दौऱ्यावर तो बघणं बंद ठेवा, नाहीतर त्या आकड्याच्या चिंतेनंच झोप उडते.

दौऱ्यावर एका खोलीत राहणारा सहकारी म्हणतो, तू मोठ्यानं घोरतोस आणि मध्येच श्वास थांबतो. मला वाटायचं प्रवासाचा शीण आहे. दिवसभर पेंग येते. बीपीची गोळी चालू आहे. (सिन्नर)

त्या सहकाऱ्यानं तुमच्यावर उपकार केले आहेत. घोरणं, श्वास अडकणं, दिवसाची पेंग आणि बीपी हे सगळं एकत्र असेल, तर आधी स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, आहे का ते तपासायला हवं. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या. आता बरेच ठिकाणी यंत्र घरी देऊन एका रात्रीत ती होते. तोवर दौऱ्यावर दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद ठेवा, कारण दोन्हीमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. कुशीवर झोपा आणि लांबचं ड्रायव्हिंग टाळा.

सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, लागलं, तरी दौरे थांबत नाहीत. ते हातातल्या सामानात न्यायचं, सोबत डॉक्टरांचं पत्र. बहुतेक यंत्रं १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून फक्त त्या देशाचा प्लग लागतो, पण आपल्या यंत्राच्या ॲडॉप्टरवरचा आकडा एकदा वाचून बघा. आणि बॅगेत भरण्याआधी पाण्याची टाकी काढून रिकामी करा, पुसून कोरडी करा. विमानतळावर बॅग आडवी झाली की टाकीत उरलेलं पाणी मोटरमध्ये शिरतं, आणि यंत्र बंद पडल्याचं रात्री अकराला परक्या गावातल्या खोलीत कळतं.